ताळेबंदात न दिसणारी घट

बेळगावच्या बाजारात येणारा बांगडा घाट चढून येतो, गोव्याहून नाहीतर कारवारहून. तो रापणीतला की ट्रॉलरचा, हे आपण विचारीत नाही; भाव तेवढा विचारतो. गिऱ्हाइकाने एवढेच पाहिले तर चालेल. मासेमारीच्या योजना आखणाऱ्यांनीही एवढेच पाहावे, हे मात्र मला पटत नाही.

२०२० साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आणली. तिचा आकडा २०,०५० कोटी रुपयांचा, आणि 'शाश्वत' हा शब्द तिच्या हेतूतच आहे. अशा योजनांचे निसर्गावर व माणसांवर होणारे परिणाम आधी तपासावेत, हे आता सर्वांनाच मान्य आहे. जागतिक बँकेने तर २०१८ पासून आपल्या नव्या प्रकल्पांना त्यासाठी वेगळी चौकटच लावली आहे. प्रश्न एवढाच की तपासायचे काय, आणि कुणाला विचारून?

केरळात याचा धडा फार पूर्वीच मिळालेला आहे. १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी कोल्लमजवळच्या नीण्डकरा व शक्तिकुळंगरा या गावांत काम सुरू झाले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दवाखाना आला, पिण्याचे पाणी आले, बर्फाचा कारखाना आला, यंत्राच्या होड्या आल्या. मग कोळंबीला परदेशी गिऱ्हाईक मिळाले. एके काळी नारळाच्या मुळाशी खत म्हणून पडणारी कोळंबी गोठवून अमेरिकेला जाऊ लागली. भाव चढले, तसे दर्याशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही ट्रॉलर घेतले. समुद्राचा तळ खरवडणारे हे जाळे कोळंबीबरोबर पिल्लेही उचलते. सत्तरच्या दशकात साध्या होडीवाल्यांची मासळी घटली. भर समुद्रात मारामाऱ्या झाल्या, मोर्चे निघाले, उपोषणे झाली. तेव्हा कुठे १९८० साली कायदा आणि १९८८ साली पावसाळ्यातली ट्रॉलबंदी आली. हाताने जाळी विणणाऱ्या बायकांचे काम नायलॉनने नेले ते निराळेच. (कोळंबी सोलण्याचे काम काहींना मिळाले, हेही खरे.) गोव्यात रापणकारांनी त्याच सुमारास लढा दिला, आणि तिथला कायदाही १९८० चाच.

आम्हाला वर्गात पहिल्या वर्षीच घसारा शिकवतात. ट्रॉलरचा घसारा लिहिला जातो, त्याच्या इंजिनाचाही लिहिला जातो. ज्या साठ्यावर तो चालतो त्या मासळीचा मात्र कुणी लिहीत नाही. उलट पिल्लांसकट विकलेला माल जमेच्या बाजूला नफा म्हणून मिरवतो. भांडवल खाऊन नफा दाखवणाऱ्या दुकानदाराला कोणताही लेखापरीक्षक सोडणार नाही. इथे तर घट ज्याच्या नावावर पडते, त्या होडीवाल्याचे वहीत खातेच नसते.

मग कोळ्यांनी जन्मभर वल्हीच मारावीत काय, असे कुणी विचारील. तसे कोणी म्हणत नाही. लहान होड्यांनाही आज इंजिने आहेत. पण मोठ्या बंदरासाठी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे निदान जनसुनावणी होते आणि स्थानिक भाषेत सारांश मिळतो. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत, ही गोष्ट वेगळी. होड्या, इंजिने, जाळी यांच्या अनुदानाला तेवढीही अट नाही. केरळात सारी उलथापालथ तर यांनीच केली!

म्हणून माझी सूचना साधी आहे. पैसा सुटण्यापूर्वी प्रत्येक गावात कोण कोणत्या जाळ्याने मासे धरतो, कोण विकते, कोण सुकवते, कोणत्या महिन्यात घरी चूल कशावर पेटते, याची यादी करावी. पकडीत पिल्लांचे प्रमाण वाढू लागले की अनुदान थांबेल, हे करारातच लिहावे. कारवारकडे ती यादी कोकणीत व कन्नडमध्ये मोठ्याने वाचून दाखवावी. सभा मात्र सकाळी ठेवू नये. त्या वेळी पुरुष दर्यावर असतात आणि बायका बाजारात.