परीक्षा हेही उपासनेचेच अंग

आज विजयादशमी. खंडेनवमीस शेतकऱ्याने नांगर आणि विळा पूजिला, व्यापाऱ्याने तराजू पूजिला, विद्यार्थ्याने ग्रंथांवर फूल वाहिले. नामपूरसारख्या बाजारपेठेच्या गावी हे दृश्य घरोघरी आणि दुकानोदुकानी दिसते. पूजेपूर्वी प्रत्येक जण आपले साधन घासूनपुसून घेतो, विळ्याची धार पाहतो, तराजूचा काटा सरळ आहे की नाही हे पडताळतो. खोटा काटा देवीपुढे ठेवून त्यावर हळद-कुंकू वाहावे, असे कोणाही श्रद्धाळू माणसाच्या मनास पटणार नाही. आधी परीक्षा आणि मग पूजा, ही आपल्या घरांतील जुनीच रीत आहे.

या रीतीचे स्मरण करून देण्यास कारण आहे. देह हे धर्माचे पहिले साधन, असे आपण मानतो. आणि त्या साधनाची मशागत करणारी योगविद्या आज गावोगावी शिकविली जात आहे. २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जातो. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ओघाबरोबर गाळही येतो. अमुक प्राणायामाने तमुक रोग समूळ नाहीसा होईल, औषधाची गरजच उरणार नाही, अशी आश्वासने आता सर्रास ऐकू येतात. एका शिबिरातील असा उपदेश ऐकून मधुमेहाची गोळी परस्पर बंद करणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. पुढे त्यांना फार सोसावे लागले. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. परंतु ज्या काट्यावर त्यांनी विसंबून व्यवहार केला, तो काटा कोणी तपासला नव्हता.

अशा वेळी स्वामी कुवलयानंद यांच्या चरित्राची आठवण होते. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभोई येथे झाला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले. आपल्या बागलाणापासून फार दूर नसलेल्या खानदेशातील अमळनेर येथे त्यांनी अध्यापन केले. नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराजांच्या चरणी त्यांना योगाची दीक्षा लाभली.

गुरूपासून मिळालेली विद्या सत्य आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. तथापि ती देहावर नेमके काय कार्य करते, हे पाहावे, असे त्यांना वाटले. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान आणि नौली यांची तपासणी आरंभिली. पुढे १९२४ च्या विजयादशमीस लोणावळ्यास त्यांनी ‘कैवल्यधाम’ स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि म्हणूनच बस्तिक्रियेत पाणी आपोआप वर ओढले जाते, हे त्यांनी दाबमापक लावून दाखविले. आतड्यात निर्माण होणाऱ्या या निर्वाततेस त्यांनी नाव दिले ते आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे. हातात दाबमापक आणि मुखी गुरूंचे नाव! एकाने दुसऱ्यास बाध आला नाही.

दुसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे. प्राणायामाने शरीर नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू शोषून घेते, अशी समजूत तेव्हाही होती, आजही आहे. कुवलयानंदांनी श्वासोच्छ्वासाचे मापन केले, तेव्हा ही समजूत टिकली नाही. ज्या विद्येच्या प्रसारास त्यांनी जन्म वाहिला, तिच्याच स्तुतीतील एक लोकप्रिय वाक्य त्यांनी पुसून टाकले आणि तसे प्रकटपणे लिहिले. प्राणायामाचे महत्त्व मात्र त्यांनी कमी मानले नाही. ते महत्त्व अन्यत्र आहे, एवढेच त्यांनी सांगितले.

येथे एखादे भाविक मन विचारील, ‘ऋषींनी सांगितलेले मोजू पाहणे हा अविनय नव्हे काय? आणि समाधी का कोठे यंत्राने मोजता येते?’ शंकेचा उत्तरार्ध खरा आहे. यंत्र दाब मोजील, नाडीचे ठोके मोजील. अंतरीची शांती त्याच्या काट्यावर उतरणार नाही. कुवलयानंदांनीही आपल्या संस्थेस आरोग्यधाम म्हटले नाही, कैवल्यधाम म्हटले. परंतु पूर्वार्ध आम्हांस मान्य नाही. पतंजलींच्या अष्टांगांत आसन तिसरे, प्राणायाम चौथा आणि ध्यान सातवे. त्या सर्वांआधी यम आहेत आणि यमांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य आहे. ज्याने पडताळून न पाहता रोगमुक्तीचे वचन दिले, त्याने पहिलीच पायरी ओलांडलेली नाही. मग सातव्या पायरीवर तो दुसऱ्यास कसा नेणार? जे मोजता येते ते प्रामाणिकपणे मोजणे, हे योगाच्या दृष्टीने सत्याचेच पालन होय.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींनी देह ठेवला. त्यांच्या संस्थेस २०२४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. मोसमकाठच्या आम्हां गावकऱ्यांना लोणावळ्यास जाणे जमो वा न जमो, त्यांची शिस्त घरी आणता येईल. योग शिकावा, पण जो आपली मर्यादा स्वतःहून सांगतो, त्याच्यापाशी शिकावा. आसन-प्राणायामास आरंभ करताना आजार लपवू नये, आणि चालू औषध वैद्यास विचारल्यावाचून सोडू नये. ध्यानास बसावे ते चमत्काराच्या अपेक्षेने नव्हे, तर नित्यनेम म्हणून. देवघरात निरांजन लावतो तसे.

आज सायंकाळी मुलेबाळे आपट्याची पाने घेऊन वडीलधाऱ्यांच्या पाया पडतील. त्या पानांना आपण सोने म्हणतो, ते प्रेमाने. ती पाने सराफाच्या कसोटीवर कोणी लावत नाही, कारण त्यांच्या मोबदल्यात कोणी काही मागत नाही. परंतु जो सोने म्हणून विकावयास येईल, त्याचे सोने कसास लावूनच घ्यावे. यात श्रद्धेचा अवमान नाही. श्रद्धेचे रक्षणच आहे.