अवज्ञेचा प्रचार हाच जेव्हा गुन्हा ठरतो

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये प्रथम मांडले गेले. डिसेंबरमध्ये ते पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपविण्यात आले. लोकांकडून १२,००० हून अधिक सूचना व हरकती आल्या. आणि १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने व दुसऱ्या दिवशी विधानपरिषदेने ते संमत केले. विधानसभेत तर आवाजी मतदानावर काम भागले. ज्या सभागृहाच्या परंपरेत एस. एम. जोशी, मृणाल गोरे यांच्यासारखे तुरुंगाचा उंबरठा अनेकदा ओलांडलेले प्रतिनिधी बसून गेले, तेथे इतक्या दूरगामी विधेयकावर इतका थोडा विरोध उमटावा, ही विधेयकाइतकीच चिंतेची गोष्ट आहे.

या विधेयकातील 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या कार्यकर्त्यांनी शब्दशः वाचावी. हिंसा, स्फोटके, दहशत यांचा उल्लेख तीत आहे आणि त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही; त्यासाठी देशात कठोर कायदे आधीपासून आहेतच. परंतु त्याच व्याख्येत, त्याच रांगेत, प्रस्थापित कायद्याची व त्याच्या संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तिचा प्रचार करणे हेही बसविलेले आहे. बॉम्ब फेकणारा आणि अन्याय्य कर भरू नका असे सांगणारा, दोघांना एकाच ओळीत उभे करण्याची ही किमया आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. छत्तीसगडने २००५ साली केलेल्या कायद्याचा हा नमुना जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे. संयुक्त समितीनंतर 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना' असे शब्द घालून सर्वसामान्यांनी निर्धास्त राहावे असे सांगण्यात आले. 'तशा प्रकारच्या' म्हणजे कोणत्या प्रकारच्या, हे ठरविणार कोण? ज्या सरकारविरुद्ध मोर्चा निघतो, तेच सरकार.

असा कायदा या देशात पूर्वी होता आणि तो मोडूनच पडला, हा इतिहास समाजवादी कार्यकर्त्यांनी तरी विसरता कामा नये. सविनय कायदेभंगाच्या काळात, शेतसारा व खंड न भरण्याची चळवळ दडपण्यासाठी इंग्रज सरकारने संयुक्त प्रांतात १९३२ साली विशेषाधिकार कायदा केला. सरकारी देणे भरू नका असा नुसता उपदेश करणे त्याने गुन्हा ठरविले. इंग्रज गेले, कायदा राहिला. १९५४ साली उत्तर प्रदेशच्या काँग्रेस सरकारने कालव्याच्या पाण्याचे दर वाढविले. डॉ. राममनोहर लोहियांनी फर्रुखाबादेत भाषणे करून वाढीव दर देऊ नका असे शेतकऱ्यांना सांगितले आणि स्वतंत्र भारतात, स्वातंत्र्यसैनिकांच्या सरकारने, त्यांना त्याच १९३२ च्या कायद्याखाली अटक केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. एका माणसाला पाणीपट्टी न भरण्यास चिथावले तरी त्या ठिणगीतून क्रांतीचा वणवा पेटू शकतो, असा सरकारचा युक्तिवाद होता. १९६० साली न्या. सुब्बा राव यांनी तो फेटाळला. सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली वाणीवर बंधन घालायचे तर त्या दोहोंत निकटचा आणि प्रत्यक्ष संबंध हवा, कल्पनेने ताणलेला चालणार नाही, हे तत्त्व तेव्हा प्रस्थापित झाले. हा निकाल मिळाला तो लोहिया तुरुंगात गेले म्हणून. कायदा मोडण्यास कोणी पुढे आलेच नसते, तर १९३२ चे ते कलम घटनेच्या छायेत सुखाने नांदत राहिले असते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. परकीय सत्तेविरुद्ध कायदेभंग ठीक होता, पण आता मतपेटी आहे, न्यायालये आहेत, स्वतःच केलेला कायदा मोडण्याचा अधिकार कोणालाही कसा असेल? त्यासाठी दाखला दिला जातो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणाचा. सविनय कायदेभंग, असहकार व सत्याग्रह हे मार्ग आता सोडून द्यावेत, ते अराजकाचे व्याकरण आहे, असा इशारा त्यांनी दिला होता, हे खरे. परंतु ज्यांना या भाषणातील एवढाच भाग पाठ आहे, त्यांनी ते पूर्ण वाचावे. बाबासाहेबांनी हा निषेध सशर्त केला आहे. घटनात्मक मार्ग मोकळे असतील तेथे या साधनांना समर्थन नाही, असे ते म्हणतात. आणि त्याच भाषणात, राजकारणात समता व सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती लवकर दूर केली नाही तर पीडित लोकच लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, असा दुसरा इशाराही ते देतात. पहिला इशारा जनतेला आहे, दुसरा राज्यकर्त्यांना. राज्यकर्त्यांनी आपल्या वाट्याचा इशारा गिळावयाचा आणि जनतेच्या वाट्याचा तेवढा भिंतीवर टांगावयाचा, हा प्रामाणिकपणा नव्हे.

बाबासाहेबांचे आचरणही या प्रश्नावर प्रकाश टाकते. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांनी तळ्यापर्यंत चालत जाऊन ओंजळ भरेपर्यंत तो ठराव कागदावरच होता. त्याच वर्षी डिसेंबरात प्रतिपक्षाने न्यायालयाचा मनाई हुकूम आणला, तेव्हा बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचा बेत स्थगित केला आणि ती लढाई न्यायालयात दहा वर्षे लढवून १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकली. केव्हा पाऊल टाकावयाचे आणि केव्हा आवरावयाचे, हा विवेक ज्याच्यापाशी आहे त्याच्या अवज्ञेला अराजक म्हणता येत नाही. पुढे त्यांच्याच अनुयायांनी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. मतपेटी तेव्हाही होती. पण तिच्यातून पडीक जमिनीचा तुकडा निघत नव्हता.

मतपेटी आणि न्यायालय यांची महती कोणी नाकारीत नाही. त्यांच्या मर्यादाही अनुभवाने कळल्या आहेत. आणीबाणीत निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. हंसराज खन्ना यांचा एकमेव अपवाद सोडता, बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागण्याचा नागरिकाचा हक्कच तहकूब असल्याचे सांगितले. त्या निकालाला स्पष्ट शब्दांत मूठमाती मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले. मधल्या एकेचाळीस वर्षांचे सोडा, त्या एकवीस महिन्यांत ज्यांनी पत्रके वाटली, सभाबंदी मोडली आणि मिसाखाली कोठड्या भरल्या, त्यांनी काय करावयास हवे होते? पुढील निवडणुकीची वाट पाहावयास हवी होती? ती होईल याची खात्री तरी कोणी दिली होती?

जंगलाचा कायदा याहून बोलका आहे. १९३० साली बिळाशी व चिरनेर येथे लोकांनी जंगल सत्याग्रह केला, चिरनेरला गोळीबारात माणसे पडली. ज्या १९२७ च्या वन कायद्याविरुद्ध हे झाले, तो स्वराज्यातही कायम राहिला. त्याच्या दृष्टीने वाडवडिलांची जमीन कसणारा आदिवासी 'अतिक्रमक' होता. त्याने दंड भरला, पिके तुडविली जाताना पाहिली, आणि दरवर्षी पावसाच्या तोंडाशी तो पुन्हा नांगर घेऊन तेथेच उभा राहिला. अखेर २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेतच मान्य केले की, या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे, आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा त्यांचा ताबा हक्क म्हणून स्वीकारला. त्या आदिवासीने कायदा निमूटपणे पाळला असता, तर २००६ साली मान्य करावयास ताबाच उरला नसता. कालचा गुन्हा आज संसदेच्या शिक्क्यानिशी हक्क ठरतो, तेव्हा गुन्हेगार कोण होते, याचा विचार विधेयकाच्या समर्थकांनी करावा.

मात्र अवज्ञा हे शस्त्र कोणीही कसेही उचलावे असे नाही. एस. टी. जाळणारा जमाव सत्याग्रही नसतो. तिकिटाचे पैसे जुळवून त्या गाडीची वाट पाहणाऱ्या गरिबाचाच तो अपराधी असतो. जातीच्या वा धर्माच्या अभिमानासाठी दुसऱ्याच्या वस्तीवर चालून जाणारे आणि मग खटले मागे घ्या म्हणून मंत्र्याच्या दारी बसणारे, यांचा सविनय कायदेभंगाशी काडीचाही संबंध नाही. सत्याग्रही कायदा मोडतो तो दिवसाढवळ्या, आधी कळवून, कोणाच्याही अंगाला हात न लावता, आणि शिक्षेसाठी उभा राहतो. ज्याला शिक्षा चुकवावयाची आहे त्याला कायदा नको असतो. ज्याने ती पत्करली आहे त्याला कायदा हवा असतो, पण न्याय्य हवा असतो. आणि कायद्याच्या पावित्र्याचे प्रवचन ज्यांनी चालविले आहे, त्यांच्या छायेखाली नदीपात्रातून रात्रीतून वाळू उचलली जाते, किमान वेतनाचा कायदा दररोज मोडला जातो. ही अवज्ञा कोणत्याही जनसुरक्षा विधेयकाच्या व्याख्येत बसलेली नाही, कारण तिचा 'प्रचार' होत नाही; ती गुपचूप पार पडते.

सप्टेंबर २०२० मध्ये तीन शेती कायदे संसदेने घाईने संमत केले. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर थंडीवाऱ्यात बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच संसदेला ते कायदे मागे घ्यावे लागले. ना सरकार बदलले, ना बहुमत. लोकशाही दोन निवडणुकांच्या मधल्या काळातही जागी राहू शकते, एवढे त्यांनी दाखवून दिले. ही जाग राज्यकर्त्यांना नको आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. विधेयकातील ती व्याख्या गावोगावच्या बैठकांत, महाविद्यालयांत, कामगार वस्त्यांत मोठ्याने वाचून दाखवावी. न्यायालयीन लढ्यासाठी वकिलांची फळी उभी करावी, कारण १९६० च्या निकालाने दिलेला आधार अजून शाबूत आहे. निवेदने, धरणी, मोर्चे यांची पायरी चुकवू नये. परंतु हे सर्व करूनही उद्या पाण्याच्या, जमिनीच्या वा मजुरीच्या प्रश्नावर अन्याय्य हुकूम न पाळण्याचा प्रसंग आला, तर तो न पाळण्याचा सल्ला उघडपणे, नाव-गाव सांगून देणारी माणसे प्रत्येक तालुक्यात हवीत. अवज्ञेचा प्रचार हा गुन्हा असेल, तर त्या गुन्ह्याची कबुली देणाऱ्यांची संख्या एवढी वाढली पाहिजे की, खटला कोणाकोणावर भरावयाचा, हा प्रश्न सरकारपुढे पडावा.