जखमेवर लेसर, पण आधी साखर



मधुमेहाच्या जखमेवर मंद लेसर टाकण्याचे उपचार निघाले आहेत. १९६७ साली बुडापेस्टचे डॉ. एंड्रे मेस्टर यांनी उंदरांवर असा प्रकाश टाकला, तेव्हा भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे त्यांनी जखमांवरही प्रयोग केले. रक्तात साखर वाढली की पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी कण वाढतात, जखम भरत नाही. हा उपद्रव लेसरने कमी होऊ शकतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

लेसरला आम्ही नावे ठेवत नाही. पण तो जोडउपचार आहे. साखरच ताब्यात नसेल, तर तो बापडा काय करणार? बधिर पायाला उसाचा बुडखा लागलेला कळतसुद्धा नाही. म्हणून पाचटात अनवाणी जाऊ नका. रोज रात्री तळपाय बघा, जखम दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठा.