इंग्रजीच्या वर्गात कोणाचे सण?

गेल्या दसऱ्याला सोने देण्याघेण्याच्या निमित्ताने एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी जाण्याचा योग आला. घरातील नऊ वर्षांचा नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकतो. रीतीप्रमाणे वाकून नमस्कार करून त्याने आमच्या हातावर आपट्याचे पान ठेवले आणि आजोबांच्या आग्रहाखातर इंग्रजीत चार शब्द बोलून दाखवण्यासाठी उभा राहिला. दसऱ्याविषयी त्याला दोन वाक्ये आली, तिसरे काही केल्या येईना. मग स्वारी आदल्या वर्षी शाळेत साजऱ्या झालेल्या ‘हॅलोवीन’कडे वळली आणि पाहता पाहता खुलली. भोपळा कसा पोखरायचा, त्याला डोळे कसे काढायचे, आत दिवा कोठे ठेवायचा, भुताचा वेश करून दारोदार खाऊ कसा मागायचा, हे सारे त्याने न अडखळता सांगितले. घरच्यांना कौतुक वाटले. आम्हालाही वाटले, खोटे कशाला बोला? परतीच्या वाटेवर मात्र हातातले ते पान बोचू लागले.

अशा प्रसंगी शाळेच्या नावाने बोटे मोडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वास्तविक त्या शाळेने भाषा शिकवण्याचा अगदी योग्य मार्ग अवलंबिला होता. भाषा शब्दांच्या यादीतून येत नाही. ती हाताला काम, तोंडाला चव आणि सोबतीला माणसे मिळाली की येते. सणात हे तिन्ही असते. शिवाय सण दरवर्षी परत येतो; गतवर्षी ऐकलेले शब्द यंदा पुन्हा कानावर पडतात आणि जिभेवर बसतात. त्या मुलाने भोपळा स्वतः पोखरला होता, म्हणून त्याची क्रियापदे जिवंत होती. दसऱ्याच्या बाबतीत त्याच्या हाती फक्त पान होते.

अमेरिकेत नव्याने स्थायिक होणाऱ्यांसाठी चालणाऱ्या इंग्रजीच्या वर्गांतही हीच रीत आहे. नोव्हेंबर आला की धडा ‘थँक्सगिव्हिंग’चा. १६२१ साली प्लिमथ येथे झालेल्या सुगीच्या भोजनाची गोष्ट सांगताना भूतकाळ शिकवला जातो, पदार्थांच्या यादीतून नामे येतात आणि आपण कोणाचे ऋणी आहोत हे सांगताना पाहुणा पूर्ण वाक्य बोलू लागतो. १८६३ मध्ये लिंकन यांनी हा दिवस राष्ट्रीय स्तरावर पाळण्याची घोषणा केली, हेही त्याच्या कानावर पडते. तेथील मूळ रहिवाशांपैकी काही जण १९७० पासून हाच दिवस शोकदिन म्हणून पाळतात, हे मात्र प्राथमिक धड्यात क्वचितच येते. भाषेबरोबर त्या समाजाची स्वतःविषयीची कल्पना शिकणाऱ्याच्या मनात उतरत असते. अमेरिकेने तसे करावे, यात गैर काही नाही. जो तेथे राहणार आहे, त्याला तेथील सण कळलेच पाहिजेत. प्रश्न आहे तो सातारा किंवा अकोल्यात राहणाऱ्या मुलाचा.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याला आता पाव शतक उलटून गेले. इंग्रजी शिकावे की नाही, हा वाद आमच्या लेखी संपलेला आहे. ती शिकावी आणि उत्तम शिकावी. परंतु ती शिकण्यासाठी आपण मुलांना सामग्री कोणती देतो? आमच्या पिढीने दिवाळीवरचा इंग्रजी निबंध पाठ केला. दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, आम्ही नवे कपडे घालतो, आम्ही फटाके उडवतो. हा निबंध गावोगावी एकच होता आणि त्यात आपल्या घरची दिवाळी कोठेच नव्हती. गेरूने रंगवलेला किल्ला नव्हता, पहाटेचे उटणे नव्हते, पायाखाली चिरडलेले कारीट नव्हते. आजही परिस्थितीत फारसा पालट झालेला दिसत नाही.

वास्तविक इंग्रजीच्या शिक्षकाला हेवा वाटावा इतकी संपदा आपल्या पंचांगात आहे. गुढी उभारताना वेळूच्या टोकाला वस्त्र, त्यावर पालथा तांब्या, भोवती कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी. इंग्रजीतील स्थलवाचक शब्दयोगी अव्यये शिकवण्यास याहून चांगले साधन कोणते? तिळगुळाची कृती सांगताना आज्ञार्थ येतो. कौत्साची कथा सांगताना भूतकाळ येतो. वरतंतूंनी गुरुदक्षिणा नको म्हटले, शिष्याने हट्ट धरला, गुरूंनी चौदा कोटी मुद्रा मागितल्या, रघूच्या कोशात तेव्हा काही उरले नव्हते. एकेक वाक्य मुलांना पुढे ऐकावेसे वाटेल असे आहे. अडचणीही येतील आणि त्या अधिक शिकवतील. संक्रांतीच्या ‘गोड बोला’चे शब्दशः इंग्रजी केले तर ते ‘स्वीट टॉक’ होते आणि इंग्रजीत त्याचा अर्थ लाडीगोडी लावून कार्यभाग साधणे! दोन भाषांच्या स्वभावातील अंतर चौथीतल्या मुलाला समजावण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

आपले सण आपण इंग्रजीत सांगितले नाहीत तर ते सांगितले जाणारच नाहीत, अशा भ्रमात मात्र कोणी राहू नये. ते दुसरे सांगतात. पुरीच्या रथयात्रेची वर्णने परकीय प्रवाशांनी आपल्या समजुतीप्रमाणे युरोपात नेली आणि जगन्नाथाच्या नावावरून इंग्रजीत ‘जगरनॉट’ हा शब्द रूढ झाला. अर्थ काय, तर वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी प्रचंड शक्ती. ज्या रथाचा दोर ओढण्यासाठी लक्षावधी भाविक धावतात, त्याची शब्दकोशातील ओळख ही अशी.

याउलट १८९३ हे वर्ष आठवावे. सार्वजनिक गणेशोत्सवाला लोकमान्यांनी याच सुमारास बळ दिले आणि त्याच वर्षी मृगशीर्ष नक्षत्राच्या आधारे वेदांच्या प्राचीनत्वाची चर्चा करणारा त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. उत्सव मराठीत आणि पंचांगामागचे ज्योतिष इंग्रजीत, दोन्ही एकाच माणसाच्या हातचे. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंद शिकागोच्या व्यासपीठावर इंग्रजीतूनच बोलले. निबंधमालाकार चिपळूणकरांनी १८८० मध्ये पुण्यात जी शाळा काढली, तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’ होते, हेही विसरता येणार नाही. या मंडळींना इंग्रजीचा न्यूनगंड नव्हता, कारण त्या भाषेत सांगण्यासारखे त्यांच्यापाशी काही होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नाताळ शाळेतून हद्दपार करा, असे आम्ही म्हणत नाही. वसईतील ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ हा याच मातीतला आहे आणि शेजाऱ्याचा सण मुलांना ठाऊक असावा. परंतु नागपूरच्या थंडीत कापसाची दाढी आणि थर्माकोलचा बर्फ लावून जो साजरा होतो, त्याचा वसईशीही फारसा संबंध नसतो. तो दुकानातून आलेला असतो.

बोलायचेच तर दोष घराकडेही जातो, आणि त्यात आमच्या वाचकांची घरे येतात. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांत पालक आठवड्याच्या सुट्टीत मुलांना गणपती-दिवाळीच्या आधाराने मराठी शिकवतात. तेथे मराठीसाठी जे कष्ट घेतले जातात, त्याच्या निम्मे कष्ट येथे आपण ना मराठीसाठी घेतो ना इंग्रजीसाठी. शुल्क भरले की कर्तव्य संपले. १ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली. तेथील वर्गमित्र आता आपल्या मुलांना ही सुट्टी कशाची, असे विचारणार. उत्तर इंग्रजीतच द्यावे लागेल आणि ते पाठ केलेल्या निबंधातून निघणार नाही.

त्या दिवशी निघण्यापूर्वी आजींनी नातवाला कौत्साची गोष्ट मराठीतून सांगितली. त्याने ती प्रथमच ऐकली असावी. सुवर्णमुद्रांचा पाऊस आपट्यावर पडला, येथवर तो आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती आम्हाला सांगत आला आणि थांबला. आपट्याला इंग्रजीत काय म्हणतात? आजोबांनी शब्दकोश काढला. त्यात ‘बौहिनिया’ असे काहीसे लॅटिन नाव निघाले. मुलाने ते दोनदा उच्चारून पाहिले, तोंड वाकडे केले आणि विचारले, “आपटाच म्हटलं तर चालेल का?” आजोबा म्हणाले, “चालेल की. पुढे काय झालं ते सांग.”