दात त्यांचे, ओठ आपले

मित्रराष्ट्राच्या गोळीने आपला सैनिक मेला, की परराष्ट्र खात्यातली जुनीजाणती मंडळी एकच सल्ला देतात: आवाज चढवू नका. शोकसंदेश स्वीकारा, चौकशी ज्यांच्या हातून घडले त्यांच्यावरच सोपवा, भरपाई पदरात पडली की फाइल बांधून ठेवा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार नेणार कुणाकडे?

हा सल्ला नुसता भित्रेपणा म्हणून झटकून टाकता येत नाही. त्यामागचा पूर्वपक्ष असा. युद्धात चुका होणारच. युतीतल्या लहान देशाने मोठ्याला चारचौघांत जाब विचारायला सुरुवात केली, तर उद्या त्याच्या तुकडीवर विमानांचे छत्र धरायला कोण येईल? शिवाय कॉकपिटमधला आपला प्रत्येक शब्द परक्या देशाच्या टीव्हीवर वाजणार हे ठाऊक असलेला वैमानिक चौकशीत तोंड उघडणार नाही, आणि मग चूक कशी झाली हेच कळायचे राहील. यातला शेवटचा मुद्दा वजनदार आहे, त्याकडे पुढे येतो. पण ‘म्हणून झाकली मूठ झाकलेलीच बरी’ हा जो निष्कर्ष काढला जातो, तो घडलेल्या प्रकरणांशी ताडून पाहिला की उभा राहत नाही.

२८ मार्च २००३. इराकवरच्या स्वारीचा दुसरा आठवडा. बसऱ्याच्या उत्तरेला ब्रिटिश चिलखती गाड्यांचा एक छोटा ताफा चालला होता. गाड्यांवर नारिंगी पट्टे लावलेले होते. आकाशातल्या मित्राने ओळखावे म्हणून ठरलेली ही खूण. वर घिरट्या घालणाऱ्या अमेरिकेच्या दोन ए-१० विमानांतल्या वैमानिकांना ते पट्टे दिसले. दिसले, आणि ती नारिंगी रॉकेटे असावीत असे त्यांनी ठरवले. त्या भागात आपले कोणी नाही, असे जमिनीवरच्या नियंत्रकाकडून त्यांना कळले होते. विमानाची तोफ दोनदा चालली. एक लान्स कॉर्पोरल ठार झाला. खाली ब्रिटिश होते हे कळल्यावर वैमानिकांची जी अवस्था झाली तीसुद्धा विमानातल्या टेपवर उतरली.

ही टेप असल्याचे मृताच्या पत्नीला वर्षानुवर्षे कळू दिले गेले नाही. ते बाहेर आले कॉरोनरच्या चौकशीत. परदेशात मेलेल्या सैनिकाचे शव इंग्लंडमध्ये आले की कॉरोनरला मृत्यूचे कारण शोधावेच लागते (मुंबईतही नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत कॉरोनरचे कोर्ट होते, जुन्या वार्ताहरांना आठवत असेल). शवपेट्या त्या काळी ऑक्सफर्डशरमधल्या हवाई तळावर उतरत, म्हणून ही प्रकरणे ऑक्सफर्डच्या कोर्टात जात. फेब्रुवारी २००७ मध्ये टेप कोर्टात दाखवायला वॉशिंग्टनने परवानगी नाकारली आणि सुनावणी थांबली. चारच दिवसांत ‘द सन’ या दैनिकाने ती मिळवून जगापुढे ठेवली. मग परवानगीही आली.

आता हिशेब करा. जी टेप उघड झाली तर युतीला तडा जाईल असे सांगितले जात होते, ती लाखो लोकांनी घरबसल्या पाहिली. मार्चमध्ये कॉरोनरने हा मृत्यू बेकायदा ठरवला. अमेरिकेने तो निष्कर्ष फेटाळला. एवढ्यावर कोणते छत्र मिटले? ब्रिटिश फौजा त्यानंतरही दोन वर्षे इराकमध्ये होत्या, आणि अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमध्ये अमेरिकी विमानांच्या आधाराने लढत होत्या. नुकसान झाले ते वेगळेच. आपले सरकार आपल्याच सैनिकाच्या विधवेपेक्षा परक्या हवाई दलाची काळजी अधिक घेते, हा समज ब्रिटनमध्ये घट्ट झाला. त्यावर ब्रिटिश संरक्षण खात्याने काय करावे? कॉरोनरांनी निकालपत्रात दोष दाखवणारी कडक भाषा वापरू नये, म्हणून ते हायकोर्टात गेले. एप्रिल २००८ मध्ये हरले.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हते. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, अशाच ए-१० विमानांनी ब्रिटिशांच्या वॉरियर गाड्या उडवल्या होत्या. नऊ सैनिक गेले. ऑक्सफर्डच्याच कोर्टात १९९२ मध्ये चौकशी झाली, अमेरिकी वैमानिक साक्षीला आले नाहीत, निकाल तेव्हाही ‘बेकायदा मृत्यू’ असाच लागला. बारा वर्षांनी तेच विमान, तोच प्रकार, तेच मौन.

भरपाईने फाइल बंद होते, ही समजूतही अशीच. ८ जून १९६७ रोजी इस्रायलने अमेरिकेच्या ‘लिबर्टी’ जहाजावर हल्ला केला, त्यात ३४ जण मेले. इस्रायलने माफी मागितली, मृतांच्या कुटुंबांना आणि जखमींना पैसे दिले, जहाजाचे ६० लाख डॉलर १९८० मध्ये देण्याचे ठरवले. दोन्ही सरकारांनी ती ओळखण्यातली चूक मानली. वाचलेल्या खलाशांपैकी अनेकांनी ते कधीच मान्य केले नाही, आणि अर्धशतक उलटूनही वाद चालू आहे.

चौकशी मित्रावर सोपवावी का, याचे उत्तर इटलीने दिले. ४ मार्च २००५ च्या रात्री निकोला कालिपारी हा इटालियन गुप्तचर अधिकारी जुलियाना स्ग्रेना या पत्रकार बाईंना अपहरणकर्त्यांच्या तावडीतून सोडवून बगदाद विमानतळाकडे निघाला होता. वाटेत अमेरिकी सैनिकांनी तात्पुरता नाका लावला होता. हवा वाईट असल्याने अमेरिकी राजदूत नेग्रोपोंते हेलिकॉप्टरऐवजी रस्त्याने जाणार होते, त्यांच्यासाठी हा बंदोबस्त. राजदूत केव्हाच पोचले होते; नाका तसाच राहिला. गाडीवर काही सेकंद गोळीबार झाला. स्ग्रेनाबाईंना अंगाखाली झाकून घेतलेला कालिपारी मेला.

इटलीचे तेव्हाचे पंतप्रधान बर्लुस्कोनी हे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष बुश यांचे युरोपातले जवळचे मित्र. इटलीचे सुमारे ३ हजार सैनिक इराकमध्ये होते. तरी त्यांनी अमेरिकी राजदूताला बोलावून घेतले आणि अमेरिकी चौकशीत दोन इटालियन प्रतिनिधी बसवून घेतले. सहा-सात आठवड्यांनी या दोघांनी संयुक्त अहवालावर सही करायचे नाकारले. अमेरिकेने ३० एप्रिलला स्वतःचा अहवाल काढला: सैनिकांनी नियम पाळले, कारवाईची गरज नाही. दोनच दिवसांनी इटलीने आपला काढला. त्यात जाणूनबुजून मारल्याचा आरोप नाही. पण नाक्यावर धड इशाऱ्याची पाटी नव्हती, सैनिक थकलेले आणि अननुभवी होते, गाड्या जागच्या हलवल्या गेल्या, त्या रात्रीच्या नोंदी नष्ट झाल्या, त्यामुळे प्रसंग पुन्हा उभा करणेच अशक्य झाले, हे सारे कागदावर आले. मोटारीचा वेग अमेरिकेच्या मते ताशी ८० किलोमीटरच्या घरात. चालकाच्या म्हणण्याप्रमाणे ४० ते ५०. हा फरक दोन अहवाल निघाले म्हणून जगाला कळला. एकच अहवाल निघाला असता तर ८० हाच आकडा इतिहासात राहिला असता.

(अमेरिकी अहवालातल्या गुप्त ओळींवर काळे फासले होते. इंटरनेटवर टाकलेल्या प्रतीतून त्या ओळी कॉपी करून दुसरीकडे चिकटवल्या की अक्षरे जशीच्या तशी वाचता येत. झाकणाऱ्यांच्या हुशारीबद्दल अधिक लिहीत नाही.)

मैत्रीचे काय झाले? मार्च २००६ मध्ये हेच बर्लुस्कोनी अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत भाषण करत होते.

मात्र दुसऱ्या टोकालाही आवरले पाहिजे. गोळी झाडणाऱ्या सैनिकावर रोममध्ये खटला भरला गेला, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये कोर्टाने आपल्याला अधिकारच नाही म्हणून तो सोडून दिला. हे होणार हे कायदा जाणणाऱ्याला आधीच दिसत होते. एकमेकांच्या सैनिकांना आपल्या कोर्टात उभे करण्याचा हट्ट धरला तर परदेशी फौज पाठवायला कोणी तयार होणार नाही. पूर्वपक्षाचे म्हणणे इथे मला मान्य आहे. पाकिस्तानने तर तिसरीच गंमत केली. २६ नोव्हेंबर २०११ रोजी अफगाण सीमेजवळच्या सलाला इथल्या चौक्यांवर अमेरिकी हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेले. इस्लामाबादने अफगाणिस्तानात जाणाऱ्या नाटोच्या ट्रकांना रस्ते बंद केले, शम्सी हवाई तळ रिकामा करायला लावला, अफगाणिस्तानविषयीच्या बॉन परिषदेवर बहिष्कार टाकला. पण अमेरिकी चौकशीत बसायचे मात्र नाकारले आणि मग तिचा अहवाल फेटाळला. वॉशिंग्टनही माफीवर अडून बसले. उत्तरेकडच्या लांबच्या वाटेने माल नेण्याचा वाढीव खर्च महिन्याला १० कोटी डॉलरच्या आसपास होता. शेवटी ३ जुलै २०१२ रोजी अमेरिकी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी फोनवर दिलगिरी व्यक्त केली आणि रस्ते उघडले. ट्रकमागे वाढवून मागितलेले शुल्क पाकिस्तानला मिळालेच नाही. सात महिने दोघांनी आदळआपट केली, आणि दोघांची मिळून मान्य झालेली हकिगत कुठेच लिहिली गेली नाही.

मग करायचे काय? कॅनडाने केले तसे. एप्रिल २००२ मध्ये कंदाहारजवळच्या तारनाक फार्मवर कॅनडाचे सैनिक रात्री सराव करत होते. अमेरिकेच्या एफ-१६ च्या वैमानिकाला खालून आपल्यावर मारा होतोय असे वाटले. थांबा, गोळीबार करू नका, असा निरोप आलेला असतानाही त्याने स्वसंरक्षणाचे कारण देऊन २२७ किलोचा बॉम्ब सोडला. चार मेले, आठ जखमी झाले. बुश यांनी लगेचच्या जाहीर कार्यक्रमांत या मृत्यूंचा उल्लेखही केला नाही म्हणून कॅनडात संताप उसळला. पण कॅनडा सरकार संतापावर थांबले नाही. निवृत्त सरसेनापती जनरल बारिल यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची चौकशी नेमली, आणि अमेरिकी चौकशीत आपला एक ब्रिगेडियर जनरल सहअध्यक्ष म्हणून बसवला. जूनअखेरपर्यंत दोन्ही अहवाल लोकांसमोर होते. खाली मित्रांचा सराव चालू आहे हे वैमानिकांना कोणी सांगितलेच नव्हते, हे त्यातून कळले. पुढच्या जानेवारीत लुइझियानातल्या तळावर सुनावणी झाली तेव्हा मृतांचे नातेवाईक तिथे बसून ऐकत होते. जागे राहण्यासाठी वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या उत्तेजक गोळ्यांची चर्चाही तिथेच उघड झाली.

शिक्षा मात्र अमेरिकेने आपल्या पद्धतीने दिली: जुलै २००४ मध्ये ५,६७२ डॉलरचा दंड आणि कडक ताशेरे. चार जिवांना एवढीच किंमत, म्हणून कॅनडात लोक चिडले, आणि त्यांचे चिडणे योग्य होते. पण काय घडले याबद्दल वाद उरला नाही. २००६ मध्ये कॅनडा अधिक मोठी फौज घेऊन त्याच कंदाहारला परत गेला.

वैमानिक बोलणार नाही, या मुद्द्याचे उत्तरही इथेच आहे. अमेरिकी हवाई दल अपघातानंतर पूर्वापार दोन चौकश्या करते: एक सुरक्षिततेसाठी, जिथल्या जबान्या गुप्त राहतात, दुसरी जाहीर करण्यासाठी. वैमानिकाला मनमोकळे बोलायला जागा आहेच. तिच्या आडोशाने दुसरी चौकशी गिळून टाकायची मुभा कुणाला नाही.

आपल्याकडे हा विषय परका मानतात. पण २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधल्या बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण गेले, त्यांत नाशिकचा एक स्क्वाड्रन लीडर होता; शिवाय जमिनीवरचा एक नागरिक गेला. हवाई दलप्रमुखांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले ते ऑक्टोबरमध्ये. मधे लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. घरातल्या घरात सात महिने लागतात, तर उद्या ‘मलबार’सारख्या संयुक्त नौदल सरावात अमेरिका, जपान किंवा ऑस्ट्रेलियाच्या हातून असे काही घडले, तर दिल्ली काय करणार हे आज कुठे लिहिलेले आहे?

लिहायला हवे ते फार नाही. कॉकपिटच्या आणि रेडिओच्या टेपची प्रत किती दिवसांत मिळेल; गाडी, जहाज, अवशेष दोन्ही देशांचे लोक येईपर्यंत जागचे हलणार नाहीत; त्यांच्या चौकशीत आपला माणूस बसेल आणि पटले नाही तर वेगळा अहवाल लिहील; मृताच्या घरच्यांना दोन्ही अहवाल मिळतील. शिक्षेचा अधिकार ज्याचा त्याच्याकडे. अशी कलमे मागितली की मित्र दुखावेल, असे परराष्ट्र खात्यात कुणाला वाटत असेल, तर त्यांनी एखाद्या लग्नाच्या याद्यांना जाऊन बसावे. कुणी काय द्यायचे ते तिथे मुहूर्ताआधीच लिहून काढतात, आणि त्यामुळे सोयरीक मोडत नाही. ओटावा आणि रोम यांनी प्रेते घरी आल्यावर भांडून जे मिळवले, ते आपल्याला पुढच्या सरावाच्या मसुद्यातच मागता येण्यासारखे आहे.