सहा महिने टिकणारे टेन्शन

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे प्रकरण न्यायालयापुढे होते. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने मानसिक आरोग्य हा संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून 15 मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, मदत क्रमांक ठळकपणे लावावेत, अनुसूचित जाती-जमातींसह वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलपणे वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे त्यात आहे.

निकाल चांगलाच आहे. पण तो उंब्रजसारख्या गावात बसून वाचला की त्यातली फट दिसते. पुणे-बंगळूर महामार्गावरचे, तारळी-कृष्णेच्या संगमावरचे हे कराड तालुक्यातले गाव. अशा गावांतली मुले स्पर्धा परीक्षेची तयारी करतात ती महिन्याचे भाडे भरून बसायच्या अभ्यासिकेत, विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत, नाहीतर घरी. यातले काहीच कायद्याच्या भाषेत ‘संस्था’ नाही. पदवी घेऊन चार वर्षे झालेला मुलगा पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा असे एकामागून एक फॉर्म भरत असतो आणि तो कुणाच्याच हजेरीपटावर नसतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे वर्षानुवर्षे वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवलेल्यांना पुन्हा पाटी कोरी करून बसावे लागले. जाहिरात कधी, निकाल कधी, वय उलटण्याआधी संधी किती उरल्या, हा हिशेब त्याच्या डोक्यात चोवीस तास चालू असतो. आपण त्याला टेन्शन म्हणतो आणि सोडून देतो.

काळजी प्रत्येकाला असते. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणे हा आजार नाही. पण बहुतेक दिवस, सहा महिन्यांहून अधिक काळ काळजी आवरत नसेल, सोबत थकवा, चिडचिड, अंग आखडणे, झोप मोडणे असेल, तर डॉक्टर त्याला चिंताविकार म्हणतात. नैराश्याची व्याख्या वेगळी आहे. दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्याबरोबर भूक, झोप, एकाग्रता बिघडणे. पुस्तकात दोन आजारांची दोन पाने आहेत, माणसात मात्र ते पुष्कळदा एकत्र असतात. आणि अनेकांच्या बाबतीत चिंता आधी येते, नैराश्य मागाहून.

हे कसे होते ते नीट पाहायला हवे, कारण घरच्यांना वेळीच कळण्याची जागा तीच आहे. चिंतेत शरीर सतत धोक्याच्या तयारीत असते. छाती धडधडते, पोट बिघडते, पहाटे तीनला जाग येते. असे महिनोन्‌महिने चालले की शरीर थकते. दुसरीकडे तो मुलगा टाळू लागतो. निकालाविषयी कुणी विचारेल म्हणून लग्नाला जात नाही, जयंतीच्या वर्गणीला फिरत नाही, मित्राचा फोन उचलत नाही. टाळले की तेवढ्यापुरते हलके वाटते, म्हणून तो आणखी टाळतो. पण जिथे भीती वाटत होती तिथेच त्याला चार बरे क्षणही मिळत होते. ते क्षणही जातात. क्रिकेट सुटते, गाणे सुटते. मग ‘माझे काय होणार’ या प्रश्नाची जागा ‘माझे काही होणार नाही’ हे उत्तर घेते. घरच्यांना वाटते, पोरगा आता शांत झाला, पूर्वीसारखा चिडत नाही. ही शांतता फार फसवी असते.

दवाखान्यात यातले काहीच सांगितले जात नाही. तिथे सांगितली जाते ॲसिडिटी, डोकेदुखी, छातीतली धडधड. इसीजी चांगला येतो, ॲसिडिटीची गोळी मिळते, कधी झोपेची गोळीही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी लगेच बरे वाटते, म्हणून त्या चिठ्ठी जपून ठेवून पुन्हा पुन्हा घेतल्या जातात आणि त्यांची सवय लागते. याउलट चिंता आणि नैराश्य या दोन्हींवर चालणाऱ्या मूळ औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून ती आठवड्यातच सोडली जातात. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरांतूनही ‘बाहेरचं काही आहे का’ म्हणून देवऋषाकडे गुपचूप फेरी होते, हेही मान्य करावे.

आपल्या समाजाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. उंब्रजपासून मसूर जवळच. 1901 मध्ये साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेले बालवयातले बाबासाहेब भाऊ आणि भाच्यासह याच मसूर स्टेशनवर उतरले होते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला, गाडीवाले बसवून घेईनात, दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली तर वाटेत रात्रभर प्यायला पाणी नाही. समोरचा आपल्याशी कसा वागेल याची सतत चाहूल घेत राहणे हा अशा माणसांचा भित्रेपणा नव्हता, ती गरज होती. आज पुण्यात खोली शोधताना आडनाव विचारले गेले की तीच चाहूल पुन्हा जागी होते. त्यामुळे ‘तुझी काळजी निराधार आहे’ असे म्हणणारा समुपदेशक आपल्या मुलाला पहिल्याच भेटीत गमावतो. न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सूचना केली ती म्हणूनच कामाची.

पण आपल्याकडे उलट बाजूची चूकही होते. दोष व्यवस्थेचा आहे, तर गोळी मी का घ्यायची, असा युक्तिवाद चळवळीतल्या शिकलेल्या मंडळींकडून ऐकू येतो. धुराने दमा झालेल्याला गिरणी बंद होईपर्यंत पंप देऊ नका, असे आपण म्हणत नाही.

विपश्यनेविषयीही स्पष्ट बोलायला हवे. मन बिघडले की शिबिराला पाठवा, हा सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते, आणि विपश्यना वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही असे गोयंका परंपरेची केंद्रे स्वतःच सांगतात. तीव्र नैराश्यात असलेल्याला दहा दिवस मौनात एकटे बसवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

मग करायचे काय? निमहान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्यांपैकी 70 ते 92 टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. म्हणजे आपल्या जिल्ह्याचे तर सोडाच, राज्याचे चित्रही त्यातून कळत नाही. राज्याचा ‘प्रेरणा’ प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी आखला गेला. ऊसपट्टा सुखी, असे सरकारने गृहीत धरलेले दिसते.

प्रत्येक गावात मानसोपचारतज्ज्ञ मिळणार नाही, पण त्यावाचून सारे अडते असेही नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 24 दवाखान्यांत स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. चिंता आणि नैराश्य एकत्र धरून केलेल्या त्या प्रयोगात सरकारी केंद्रांतले रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. ‘लॅन्सेट’मध्ये 2010 साली ते छापून आले. आपल्या साताऱ्यातही परिवर्तन संस्थेने मानसमित्र घडवण्याचे काम केले आहे. उंब्रज, मसूर, चाफळ, पाटण भागातल्या विहार समित्यांनी आपापले दोन-दोन कार्यकर्ते, त्यात एक तरी स्त्री, अशा प्रशिक्षणाला पाठवणे अवघड नाही. जयंतीच्या खर्चातला छोटा हिस्सा पुरेल.

टेली-मानसचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. अभ्यासिका ‘संस्था’ नसली तरी तिच्या भिंतीवर हा क्रमांक लावायला कुणाच्या आदेशाची गरज नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कुणी बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात पहिल्यांदा जाणाऱ्याला केसपेपर कुठे काढायचा इथपासून सगळेच जड वाटते. सोबत कुणी गेले, तर एसटीने जाऊन-येऊन त्याचा अर्धा दिवस जातो.