मिनी मिळेल का, मिनी?

सकाळची ठाणे स्लो. डाव्या हाताने वरची कडी धरलेली, खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने एडिटरला मेसेज, ‘पाचच मिनिटांत पोचते’ (धादांत खोटं!). ही सर्कस मी इतकी वर्षं करू शकले ती एकाच गोष्टीच्या जिवावर. माझा आयफोन १३ मिनी! ५.४ इंचाची स्क्रीन, एका मुठीत मावणारा, जीन्सच्या खिशात गायब होणारा. आणि तोच नेमका पावसात भिजून गेला. कायमचा.

दुकानात गेले, तर सेल्समन हसला. ‘मॅडम, ते मॉडेल कधीच बंद झालं. हा बघा ना, ६.७ इंच!’ हातात घेतला, तर पोळपाट धरल्यासारखं वाटलं. एका हाताने टाइप करायचं तर अंगठ्याला योगासनं शिकवावी लागतील!

थोडी हिस्ट्री. अॅपलने २०२०मध्ये १२ मिनी आणला, २०२१मध्ये १३ मिनी. तेव्हा भारतात त्याची किंमत ६९,९०० रुपयांपासून सुरू व्हायची. २०२२च्या १४ सिरीजमध्ये मिनीच्या जागी मोठा प्लस आला आणि सप्टेंबर २०२३मध्ये कंपनीने १३ मिनीची विक्रीच थांबवली. म्हणजे आता मिनी हवा, तर तो कुणीतरी वापरलेला, आणि शोधायचा ऑनलाइन.

आई म्हणाली, ‘अगं, भाजीसुद्धा आपण ओळखीच्या भाजीवाल्याकडून घेतो. तू पंचवीस हजार नक्की कुणाला देतेयस?’ मी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं. आणि नेहमीप्रमाणे तिचंच खरं ठरलं.

सीलपॅकचा मोह

पहिल्याच सर्चमध्ये लॉटरी! ‘ब्रँड न्यू, सीलपॅक, ओरिजिनल.’ मी भाबडेपणाने ऑर्डर केला. जरा डोकं चालवलं असतं, तर कळलं असतं की कंपनीने कधीच विकायचं थांबवलेला फोन इतक्या वर्षांनी सीलपॅक कसा असेल? आणि असलाच, तरी बॅटरी नुसती बॉक्समध्ये पडून राहिली तरी म्हातारी होतेच.

फोन आला. चकाचक! बॅटरी हेल्थ चक्क १०० टक्के. मग सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्यात अबाउट उघडलं. तिथे ‘पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्ट्री’मध्ये बॅटरी आणि स्क्रीन, दोन्हींपुढे ‘अननोन पार्ट’! म्हणजे कुठले तरी स्वस्तातले पार्ट बसवून सील मारलेलं. १०० टक्क्यांचं गुपित हे होतं.

विक्रेत्याने आधी ‘मॅडम, सॉफ्टवेअर अपडेट करा’ म्हटलं, मग फोन उचलणंच बंद. माझे पैसे परत मिळाले, पण तब्बल अकरा दिवसांनी. तेही मी पेमेंट साइटवरूनच केलं होतं, बिल होतं आणि बॉक्स उघडतानाचा सलग व्हिडिओ होता म्हणून.

माझी मैत्रीण एवढी लकी नव्हती. तिने एका अनोळखी माणसाकडून, बाजारभावापेक्षा सहा हजारांनी स्वस्त म्हणून फोन घेतला. स्टेशनबाहेर भेट, यूपीआयने पेमेंट, बाय बाय. घरी येऊन रिसेट केला, तर स्क्रीनवर आधीच्या मालकाच्या अकाउंटचा पासवर्ड मागणारी पाटी. याला म्हणतात अॅक्टिव्हेशन लॉक. खरेदीचा मूळ पुरावा दाखवल्याशिवाय कंपनीही तो काढून देत नाही. तो माणूस? नॉट रीचेबल. अठरा हजारांचा पेपरवेट आजही तिच्या टेबलवर आहे.

आधी विक्रेता, मग फोन

दोघींनी फोनची चौकशी भरपूर केली होती. विकणाऱ्याची शून्य! म्हणून दुसऱ्या खेपेला मी उलटं केलं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०प्रमाणे साइटने विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि संपर्क ग्राहकाला दाखवायला हवा. तक्रार अधिकारी नेमलेला हवा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निकाल द्यायला हवा. ही माहितीच दिसत नसेल, तर टॅब बंद! जीएसटी नंबर असेल, तर तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाका. फर्मचं नाव आणि नोंदणीची तारीख समोर येते. ‘दहा वर्षांचा विश्वास’ लिहिणाऱ्याची नोंदणी दोन महिन्यांपूर्वीची निघाली, तर काय ते समजून जा.

मग तीन प्रश्न विचारा. परत घ्यायची मुदत किती दिवस? वॉरंटी कोणाची, आणि लेखी का? बिलावर आयएमईआय नंबर लिहिणार का? तिसऱ्या प्रश्नावर जो ‘बघू’ म्हणतो, त्याला आपणही ‘बघू’ म्हणायचं.

आणि ‘सुपर्ब’, ‘गुड’, ‘फेअर’ या ग्रेडवर भाळू नका. बहुतेक ठिकाणी त्या बाहेरच्या दिसण्याच्या असतात. बॅटरी किती टक्के, कोणता भाग बदललाय, हे वेगळं आणि लेखी विचारा.

बॉक्स आला, आता?

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या लेबलपासून सुरुवात करून. मग *#०६# डायल करा. आयएमईआय हा १५ आकडी नंबर दिसेल. तो बिलाशी जुळवा. त्यानंतर इंग्रजीत केवायएम, स्पेस आणि तो नंबर असा एसएमएस १४४२२ला पाठवा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं, तर फोन ठेवूच नका. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हे तपासता येतं. विक्रेता आधीच नंबर द्यायला तयार असेल, तर पैसे भरण्यापूर्वीच तपासा. सगळ्यात उत्तम.

समोरासमोर घेत असाल, तर मालकाने तुमच्यादेखत अकाउंटमधून साइन आउट करून फोन पूर्ण रिसेट करायला हवा. सेटअप कुणाचाही जुना पासवर्ड न मागता पुढे गेला, की मगच पैसे. अँड्रॉइडलाही हाच नियम, तिथेही रिसेटनंतर जुनं गूगल अकाउंट आडवं येऊ शकतं.

तरीही फसलात? वस्तू किंवा रिफंडची तक्रार असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. सरळ पैशांचीच फसवणूक असेल, तर १९३०, आणि तोही लगेच. लाजत बसू नका, बॉस!

साथ किती दिवसांची?

बंद झालेल्या फोनलाही एक्सपायरी असते. अॅपल विक्री थांबवल्यापासून पाच वर्षांनी मॉडेलला ‘व्हिंटेज’ म्हणतं, सात वर्षांनी ‘ऑब्सोलीट’. व्हिंटेज झाला, की पार्ट मिळाले तरच दुरुस्ती. १३ मिनीचं ते वर्ष २०२८. पिक्सेल घेत असाल, तर अपडेट कधी थांबणार ती तारीख गूगलने जाहीर केलेली असते, ती बघा. आणि कंपनीच मैदान सोडून गेली असेल, तर दहादा विचार करा. एलजीने २०२१मध्ये मोबाइलचा धंदाच गुंडाळला! उरलेली वर्षं मोजा आणि त्या हिशेबाने किंमत ठरवा.

तर, माझा दुसरा मिनी आला. बॅटरी ८४ टक्के, उजव्या कडेला बारीकसा ओरखडा. मागच्या ‘चकाचक’ फोनपेक्षा दिसायला उन्नीसच. पण त्या ओरखड्याचा फोटो विक्रेत्याने पानावर आधीच टाकला होता, बॅटरीचा आकडाही. सहा महिन्यांची वॉरंटी लेखी आणि बिलावर आयएमईआय. दोष आधी सांगणारा आणि बिघडल्यावर परत घेणारा, एवढीच माझी विश्वासू विक्रेत्याची व्याख्या आहे.

आईला बिल दाखवलं. चष्मा वर करून तिने पत्त्यासकट सगळं वाचलं आणि म्हणाली, ‘हं, आता कळलं कोणाला दिलेस ते.’

परवा पुन्हा ठाणे स्लो पकडली. एक हात कडीला, दुसऱ्यात मिनी. पाचच मिनिटांत पोचते!